बिनतारी कीबोर्ड आणि एक मीटर तार

रायपूरच्या तात्यापारा भागातील एका मराठी घरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा आठ महिने शिकवणीचे पैसे साठवीत होता. त्याला खेळासाठी छोटा, बिनतारी, मेकॅनिकल कीबोर्ड हवा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा, पण ई-स्पोर्ट्‌सला मान्यता देणारा कायदा केला, तेव्हापासून वडिलांचा विरोध मवाळ झाला होता. अडचण उरली ती आजीच्या झोपेची. तिची खोली भिंतीपलीकडे, आणि संघाचे सामने रात्री अकरानंतर. त्यामुळे टकटक वाजणारे निळे स्विच बाद झाले. सरळ, खटका न देता खाली जाणारे लाल स्विच ठरले.

जाहिरातींत १००० हर्ट्‌झ हा आकडा ठळक असतो. संगणक दर मिलिसेकंदाला कीबोर्डाची विचारपूस करतो, एवढाच त्याचा अर्थ. ब्लूटूथवर हे अंतर बहुधा ८ मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक असते, म्हणून खेळासाठी वेगळा रिसीव्हर बरा. शिवाय स्विचमधील धातूच्या पट्ट्या एकमेकींना भिडताना किंचित उसळतात. एका दाबाचे अनेक दाब नोंदले जाऊ नयेत म्हणून चिप काही मिलिसेकंद थांबते. हा विलंब जाहिरातीत क्वचितच आढळतो. त्यातून ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर चित्र बदलायलाच १६.७ मिलिसेकंद लागतात, आणि डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत सुमारे २०० जातात. अर्ध्या मिलिसेकंदाच्या बढाईसाठी दुप्पट किंमत मोजणे हा भाबडेपणाच.

तरीही तो मोजायला निघाला होता. मित्राकडून आणलेल्या कीबोर्डावर ऐन सामन्यात दाबलेल्या कळा नोंदल्याच जात नव्हत्या, आणि दोष स्वस्त मालाचा असे त्याने ठरवून टाकले होते. एका दुपारी संगणकाची बाह्य हार्ड डिस्क काढली, तर कळा सुरळीत. डिस्क जोडली, की पुन्हा गळती.

कीबोर्डाचा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतो. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झचा हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी, सारे त्याच गल्लीत. यूएसबी ३ चा वेगवान संदेशही तारेतून जाताना याच पट्ट्यात गोंगाट सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर टिपण प्रसिद्ध केले होते. डिस्कच्या शेजारच्या खाचेत बसलेल्या रिसीव्हरला कीबोर्डाचा क्षीण आवाज ऐकूच येत नव्हता. उपाय म्हणजे एक मीटरची यूएसबी तार लावून रिसीव्हर मेजावर, कीबोर्डाजवळ आणणे.

राहिला आकार. ६१ कळांचा कीबोर्ड सुबक खरा, पण त्यात बाणाच्या कळा स्वतंत्र नसतात. आणि आजीची पत्रे मराठीत टंकण्याचे काम याच्याकडे, त्यात दुरुस्त्या फार. म्हणून जयस्तंभ चौकाजवळच्या रवी भवनातून त्याने बाणांच्या कळा असलेला, किंचित मोठा, मधल्या किमतीचा कीबोर्ड घेतला. बिनतारी वस्तूसोबत तार पाहून आजी हसली. त्या रात्री एकही कळ हरवली नाही. सामना मात्र संघ हरला, आणि आजीला सकाळपर्यंत जाग आली नाही.