साडेअठरा लाखांचं मार्केट

व्हेंचर कॅपिटलवाला पैसे परत मागत नाही, हे वडिलांना समजावण्यात माझी गेल्या वर्षीची अख्खी दिवाळी गेली. नामपूरला आमचा कांदा आणि थोडं डाळिंब. वडिलांच्या हिशोबात पैसा देणारे तीन: सोसायटी, बँक आणि अडत्या. तिघंही परत मागतात, फक्त मागायची पद्धत वेगळी. मी सांगितलं की मुंबईतला एक फंड आम्हाला दीड कोटी देईल असं दिसतंय. त्यांचा पहिला प्रश्न, "पयसा परत कव्हय देना पडतीन?" म्हटलं, द्यायचेच नाहीत. कंपनी बुडाली तर त्यांचे पैसे बुडाले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंग तो येडा शे का?"

तो येडा नसतो. पण वडिलांच्या प्रश्नाचं नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, कारण त्यासाठी त्याचं गणित मांडावं लागतं, आणि ते गणित मलाही साठेक मेल आणि नऊ झूम कॉल झाल्यावरच कळलं.

आमचं प्रॉडक्ट साधं आहे. फोनवर ऐकायच्या अहिराणी गोष्टी. मी आणि माझा कॉलेजचा मित्र, तो साक्रीचा. दोघंही पुण्यात नोकरीला, कोडिंग रात्री आणि शनिवार-रविवारी. अहिराणी गाण्यांना युट्यूबवर कोटींनी व्ह्यूज मिळतात, कॉमेडीलाही मिळतात. पण अर्धा तास बसून ऐकावी अशी लांब गोष्ट कुणी करत नव्हतं. आम्ही एक निवृत्त शिक्षक, एक पूर्वी तमाशात सोंगाड्या असलेले काका आणि माझी एक मावशी यांचे आवाज घेतले. मावशीच्या भुतांच्या गोष्टी सगळ्यात जास्त ऐकल्या जातात. (अ‍ॅपचं नाव इथे सांगत नाही. ही जाहिरात नाही.)

मग पैसे. पहिल्यांदा कळलं की 'मीडिया आणि एंटरटेनमेंट' म्हटल्यावर निम्मे फंड मेल उघडतच नाहीत. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की हजार गिऱ्हाइकांना विकता येतं. गोष्ट मात्र ऐकून संपते आणि गिऱ्हाईक विचारतं, पुढची कुठे आहे? कंटेंटचा खर्च थांबत नाही. काय चालेल हे आधी सांगता येत नाही. चाललं तर दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर फुकट येतं. आणि तुमचे प्रेक्षक दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर असतील तर तो प्लॅटफॉर्म एका रात्रीत तुमचं दुकान बंद करू शकतो. इंदूरच्या विटीफीडचं २०१८च्या नोव्हेंबरमध्ये हेच झालं. फेसबुकने त्यांचं पेज ब्लॉक केलं आणि सगळा धंदाच त्या पेजवर उभा होता.

तरी या क्षेत्रात पैसा येतो. टीव्हीएफमध्ये २०१६ साली टायगर ग्लोबलने पैसे घातले, तेव्हा आम्ही हॉस्टेलवर त्यांच्या सिरीज एका लॅपटॉपवर सहा जण बघत होतो. लुमिकाई नावाचा फंड २०२० पासून गेमिंग आणि इंटरॅक्टिव्ह मीडिया एवढंच बघतो. आणि विटीफीडच्याच लोकांनी नंतर स्टेज नावाचं अ‍ॅप काढलं. २०१९ मध्ये हरियाणवीपासून सुरुवात, मग राजस्थानी, मग भोजपुरी. ब्लूम व्हेंचर्सने त्यात गुंतवणूक केली, शार्क टँकच्या दुसऱ्या सीझनमध्येही ते दिसले. आमच्या डेकची तिसरी स्लाइड म्हणजे स्टेजच होती. बोलीभाषेसाठी लोक पैसे देतात, हे बघा, सिद्ध झालंय.

एका कॉलवर समोरच्या मुलीने (माझ्याच वयाची असेल) ती स्लाइड थांबवली आणि विचारलं, "अहिराणी किती लोक बोलतात?"

२०११च्या जनगणनेत 'खान्देशी' या नोंदीखाली साधारण साडेअठरा लाख लोक आहेत. खरा आकडा मोठा असणार. आमच्याकडे कितीतरी घरांत अहिराणी बोलतात आणि जनगणनेवाला आला की मातृभाषा मराठी सांगतात. पण कागदावर साडेअठरा लाख. त्याच जनगणनेत हरियाणवी सुमारे अठ्ठ्याण्णव लाख आणि भोजपुरी पाच कोटींवर.

आता गणित. साडेअठरा लाखांतल्या दोन टक्के लोकांनी महिन्याला ४९ रुपये दिले असं धरा. दोन टक्के हा आकडासुद्धा मी उदार मनाने घेतोय. सदतीस हजार गिऱ्हाइकं झाली. वर्षाला दोन कोटी सतरा लाख. हा आकडा मी पहिल्यांदा एक्सेलमध्ये बघितला तेव्हा मला तो प्रचंड वाटला. पाच-सहा जणांचे पगार, कलाकारांचं मानधन, नामपूरला एक छोटा स्टुडिओ, सगळं निघून वर काही उरेल.

फंडाच्या बाजूने बघा. समजा त्यांच्याकडे चारशे कोटी आहेत. ते त्यांचेही नाहीत. दुसऱ्यांकडून आणलेले आहेत आणि दहाएक वर्षांत वाढवून परत करायचे आहेत. म्हणजे परतफेड आहेच, फक्त ती आमच्या डोक्यावर नसून फंडाच्या डोक्यावर आहे. वडिलांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तीस कंपन्यांत पैसे घातले तर बहुतेक बुडणार किंवा जेमतेम मुद्दल देणार, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. त्यामुळे प्रत्येक कंपनीकडे बघताना प्रश्न एकच: ही एकटी आमचा सगळा फंड परत करू शकेल का? आमच्यात पंधरा टक्के हिस्सा घेतला तर त्यातून चारशे कोटी यायला आमची कंपनी सव्वीसशे-सत्तावीसशे कोटींची व्हायला हवी. वर्षाला दोन कोटींच्या विक्रीला कुणी दहापट किंमत दिली तरी ती बावीस कोटींच्या आसपास अडकते.

त्या मुलीने हे सगळं मला वीस मिनिटांत, न चिडता समजावलं. नकारांमध्ये तो सगळ्यात चांगला नकार होता. बाकीच्यांनी 'लेट्स स्टे इन टच' म्हटलं.

करमणुकीला पैसा लावणं महाराष्ट्राला नवीन नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीमागे गायिका तानीबाई कागलकर यांचा पैसा होता. १९२९ला प्रभात निघाली तेव्हा शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांच्या जोडीला पाचवे भागीदार सराफ सीताराम कुलकर्णी होते. आणि तमाशाचं तर स्वतःचं पूर्ण अर्थशास्त्र आहे. गुढीपाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी देतात, फडमालक हंगामाआधी कर्ज काढतो, कलाकार त्याच्याकडून उचल घेतो. गाव घरटी वर्गणी गोळा करतं. हे काही गोड चित्र नाही. २०२० आणि २०२१ला यात्राच झाल्या नाहीत, तेव्हा फडांवरचं कर्ज तसंच राहिलं. आमचे सोंगाड्या काका उचल हा शब्द आजही जरा दबक्या आवाजात उच्चारतात.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दादासाहेब फाळक्यांचा. आमच्याच जिल्ह्यातला माणूस, त्र्यंबकेश्वरचा. शाळेत 'भारतीय चित्रपटाचे जनक' एवढंच पाठ केलं होतं. पैसे कुठून आणले हे धड्यात नव्हतं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ला लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेऱ्याची सोय करून परत आले. पुढे सिनेमाला पैसा हवा होता आणि सिनेमा म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त थोडं थोडं चित्रण केलं. कोंब फुटतो, वेल वर चढतो, सगळं मिनिटभरात. 'अंकुराची वाढ'. ती फिल्म निवडक लोकांना दाखवली आणि त्यातल्या यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केलं. पहिल्या गुंतवणुकीला आज 'सीड राउंड' म्हणतात. फाळक्यांनी खरोखरचं बी दाखवलं होतं! सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. ३ मे १९१३ला मुंबईत कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

म्हणजे पहिला सिनेमा कर्जावर झाला. भागभांडवल आलं ते १९१८ला. पाच भागीदार मिळाले, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशकात सुरू झाली. 'श्रीकृष्ण जन्म' चालला, 'कालिया मर्दन' चालला. आणि मग सिनेमावर होणारा खर्च आणि लागणारा वेळ यावरून भागीदारांशी बिनसलं. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहीत बसले. १९२२ला परत आले, सिनेमेही केले, पण पहिल्यासारखं काही जमलं नाही. मला भागीदार खलनायक वाटत नाहीत. दर महिन्याला पगार द्यायचे असतील तर कुणीतरी 'पुढचा सिनेमा कधी?' हे विचारणारच. कर्ज देणाऱ्याला फक्त त्याचे पैसे हवे असतात. भागीदाराला तुमचं कॅलेंडर हवं असतं. डाळिंबाच्या कर्जापायी वडील रात्ररात्र जागलेले मी बघितलेत, त्यामुळे कर्जाबद्दल मला काही रोमँटिक वाटत नाही. पण कुठल्या प्लॉटमध्ये काय लावायचं हे अडत्याने त्यांना कधी सांगितलेलं नाही.

आम्हाला मात्र सांगण्यात आलं. दीड कोटीवाला फंड (नाव राहू द्या) तिसऱ्या मीटिंगला म्हणाला, टीम चांगली आहे, टेक चांगलं आहे, अहिराणी सोडा. हिंदीत या. आणि ऑडिओ नको, मायक्रोड्रामा करा. उभ्या स्क्रीनवर दीड-दोन मिनिटांचे एपिसोड, प्रत्येकाच्या शेवटी थोबाडीत किंवा गौप्यस्फोट, पहिले दहा फुकट, पुढे पैसे. महिन्याला चार मालिका. अहिराणी नंतर कधीतरी 'लँग्वेज एक्स्पान्शन'मध्ये घेऊ.

पुण्यात आमच्या फ्लॅटच्या गच्चीवर मी आणि मित्र पहाटे तीनपर्यंत बोललो. त्याचं म्हणणं सरळ होतं. आपण इंजिनिअर आहोत, मोठं काहीतरी बांधायचं म्हणून यात पडलो. हिंदीत आधी जम बसला तर त्या पैशांवर अहिराणी फुकट चालवू. माझं म्हणणं तितकं सरळ नव्हतं. मी एवढंच म्हणू शकलो की मावशीला हिंदी येत नाही. तो हसला आणि मीही हसलो. पण मुद्दा तोच होता. हिंदीत गेलो की आमच्याकडे जे आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही, ते पहिल्याच दिवशी बाहेर ठेवून जाणार. मग पन्नास हिंदी अ‍ॅप्समधलं आम्ही एक्कावन्नावं, आणि त्यांच्याकडे आमच्या शंभरपट पैसा. हे मी भाषेच्या प्रेमापोटी म्हणत नव्हतो. निदान फक्त त्यासाठी नाही.

त्याने मार्चमध्ये नोकरी सोडली. त्या फंडाचे पैसे घेऊन तो आता मायक्रोड्रामा करतोय आणि बरं चाललंय. आमचा बराचसा कोड त्याने नेला, तसं आमचं ठरलंच होतं. अहिराणी मला राहिली. सासू-सुनेच्या मालिकेचे पहिले चार एपिसोड त्याने मला पाठवले होते. वाईट नव्हते. मी पाचवाही बघितला.

माझ्याकडे आता ६४० लोक पैसे देतात. महिन्याला एकतीस हजार तीनशे साठ, त्यातून गुगल आपला वाटा कापतं. सर्व्हर आणि मानधन गेलं की काही उरत नाही, पण खिशातूनही फारसं जात नाही. नामपूरचा एक शेती औषधांचा दुकानदार महिन्याला पाच हजार द्यायला तयार आहे, अट एवढीच की गोष्टीआधी तेल्यावरच्या फवारणीची माहिती सांगायची. मावशीच्या भुताआधी तेल्या. मी हो म्हणालोय. श्रोत्यांनाही तेल्याचीच भीती जास्त आहे.

नोकरी चालू आहे. ती किती दिवस चालू ठेवून हे जमेल, याचं उत्तर कुठल्याच एक्सेलमध्ये नाही. पण त्या ६४० नावांची यादी मी एकदा गावांप्रमाणे लावून बघितली. मला वाटलं होतं धुळे, जळगाव, नंदुरबार, आमचं बागलाण वर असेल. सगळ्यात वर सुरत निघालं. उधना, लिंबायत, कापडाच्या कारखान्यांत कामाला गेलेली आमच्याकडची माणसं. गावात अहिराणी फुकट ऐकू येते. तिथे ४९ रुपये देऊन ऐकावी लागते. जनगणनेतल्या आकड्याने मला हे सांगितलं नव्हतं, आणि फंडवाल्यांपैकीही कुणी कधी विचारलं नाही की हे लोक राहतात कुठे.

लिंबायतच्या एका काकूंनी दर महिन्याच्या भानगडीत न पडता वर्षाचे पैसे एकदम पाठवले, राउंड फिगर करून सहाशे. खाली व्हॉइस नोट होती. गल्लीतल्या आणखी वीस घरांची वर्गणी गोळा करून द्यायला त्या तयार आहेत, पण एक अट आहे: "गोष्टीस्मा बाया जास्त पाहिजेत. आनि त्या रडत्या नका ठेवू."

येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीने सुरतला निघतोय. मावशीही येतेय.