नाकासमोर बघून

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवर रात्री जागवणारे लोक दोन प्रकारचे. एकांना शत्रूची विमानं पाडायची असतात. दुसऱ्यांना आपलं विमान धड खाली उतरवता आलं तरी पुरतं. मी दुसऱ्या गटातला. आणि आमच्या गटाची खरी परीक्षा घेणारं विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन कोर्सेअर. २००० सालच्या कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर २ मध्ये ते होतंच. २०२५ मध्ये डीसीएससाठी त्याचं एफ४यू-१डी हे अ‍ॅड-ऑन आलं आणि जुनं वेड पुन्हा उफाळून आलं.

विमान दिसायला देखणं. पंख खाली वाकून पुन्हा वर गेलेले. पण ते शोभेसाठी नाहीत बरं का! दोन हजार अश्वशक्तीच्या इंजिनाला प्रॉपेलर लागला तेरा फुटांहून मोठा. तो जमिनीला घासू नये आणि चाकांचे पायही आखूड, दणकट राहावेत, म्हणून पंख वाकवले. पुढे पंखांत जास्त मशीनगन बसवायच्या ठरल्या. तिथली पेट्रोलची टाकी इंजिन आणि वैमानिक यांच्या मधे आली, आणि कॉकपिट सुमारे तीन फूट मागे सरकलं. नाक इतकं लांब झालं, की उतरताना समोरची अख्खी विमानवाहू नौका त्याआड गडप! शिवाय वेग फार कमी झाला की डावा पंख आधी दगा देतो, आणि चाकं डेकवर टेकली की विमान चेंडूसारखं उसळतं.

याला तेव्हा टोपणनाव पडलं 'एन्साइन एलिमिनेटर'. एन्साइन म्हणजे अमेरिकन नौदलातला सगळ्यात कनिष्ठ अधिकारी, विशीतला पोरगा. त्याला संपवणारं विमान.

परवा भाचा शेजारी बसून बघत होता. मी तिसऱ्यांदा समुद्रात गेल्यावर म्हणाला, "मामा, पण खरे पायलट परत कसे सुरू करायचे?"

काय सांगणार? बटण दाबून मी पुन्हा हवेत होतो.

मग त्याला त्या माणसांनी काय केलं ते सांगितलं. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटीशी पट्टी बसवली, म्हणजे दोन्ही पंख बरोबरीने वागू लागले. चाकांचे धक्के शोषणारे दांडे सुधारले. ब्रिटिश वैमानिक सरळ येण्याऐवजी वळत वळत यायचे, म्हणजे नाकाच्या बाजूने डेक दिसत राहतं. एप्रिल १९४४ मध्ये 'व्हिक्टोरियस'वरची त्यांची कोर्सेअर नॉर्वेत 'टिर्पिट्झ'वरच्या हल्ल्यात होतीसुद्धा. अमेरिकेने आधी ती बहुतेक जमिनीवरच्या तळांवरूनच वापरली. १९४४ मध्ये मग तिथेही नौकांवर रुळली.

१डी मध्ये या सुधारणा आहेत. नाक मात्र तेवढंच लांब आहे, आणि ज्यांनी अ‍ॅड-ऑन बनवलं त्यांनी ते सोपं केलेलं नाही, याचं मला फार बरं वाटतं. विमान गुणी पोरासारखं उतरलं असतं, तर भाच्याला तो प्रश्नच पडला नसता.

असो. कुणी उडवणार असाल तर एवढंच सांगतो, नाकासमोर बघून येऊ नका. वळत या.