भिंत तीच, हात निराळे

आमच्या पाथरीकडचा दगड काळा. वाड्याच्या जोत्याला तोच, बारवेच्या पायऱ्यांना तोच, देवळाच्या खांबांनाही तोच. छिन्नीपुढे तो नमतो, पण रंग अंगाला लावून घेत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हे ओळखलं होतं. त्यांनी कातळावर आधी माती, भाताचा तूस आणि गवताच्या काड्या यांचा गिलावा चढवला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मगच कुंचला उचलला. ज्या माणसाला गिलावा ठाऊकच नव्हता, त्यानं भिंतीवर काय काढलं हे पाहायचं तर आपला काळा दगड मागे टाकून विंध्याच्या वालुकाश्माकडे जावं लागतं. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, थोर आहेत, पण ती खोदलेली. मला रंग पाहायचा होता. आणि अशा रंगवलेल्या खडकांचं, भोपाळजवळचं भीमबेटका आम्हा परभणीवाल्यांना तसं सोयीचं आहे. सचखंड एक्स्प्रेस थेट भोपाळला नेऊन सोडते.

सोबत अक्का, माझी थोरली बहीण. “चित्रंच बघायची तर अजिंठा जवळ पडतंय की रे,” हे तिनं पाथरीच्या बसस्टँडपासून मानवत येईपर्यंत ऐकवलं. परभणीला गाडीत खिडकी मिळाल्यावर तिचं बोलणं थांबलं.

जालना, संभाजीनगर, मनमाड. या पट्ट्याबद्दल लिहावं असं काही नाही. ऊन होतं आणि डब्यात गर्दी होती. चाळीसगाव जवळ आलं तसा मी मात्र सावरून बसलो. इथून जवळच पाटणादेवीच्या वाटेवर पाटणे आहे. सत्तरच्या दशकात श. अ. साळी यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला. त्यावर समांतर रेघा आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत फुल्याफुल्यांची नक्षी कोरलेली होती. वय सुमारे 25,000 वर्षं. खानदेशात तेव्हा शहामृगं फिरत होती, आणि नखाएवढ्या जागेत नेटकी रेघ ओढण्याइतकी फुरसत माणसाला होती. अक्काला हे सांगितलं. तिचा प्रश्न सरळ होता, “अंडं खाल्ल्यावर काढली नक्षी, का आधी?” एवढा नेमका प्रश्न मला सुचला नव्हता.

नर्मदा आली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. पुढे बुदनी-बरखेड्याचा घाट आणि घाटानंतरच्या टेकड्या, सगळं तसंच अंधारात मागे गेलं. याच मार्गावर रेल्वेच्या खिडकीतून विष्णू श्रीधर वाकणकरांना 1957 मध्ये दूरवर खडकांचे विचित्र आकार दिसले होते. नीमचमध्ये जन्मलेला, उज्जैनला चित्रकला शिकवणारा हा मराठी माणूस. स्पेन आणि फ्रान्समधल्या गुहा जशा खडकांत आहेत तसेच हे खडक, असं त्यांना वाटलं आणि ते तिथे, म्हणजे भीमबेटक्याला, पोचले. मला यात त्यांचं चित्रकार असणं महत्त्वाचं वाटतं. पुराणवस्तूंचा अभ्यासक जमिनीकडे बघत चालतो. चित्रकार भिंत बघतो. 1975 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भीमबेटका जागतिक वारसा यादीत आलं 2003 मध्ये, ते गेल्यानंतर पंधरा वर्षांनी.

सकाळी भोपाळहून नर्मदापुरमच्या बसनं ओबेदुल्लागंजच्या पुढे उतरलो आणि रिक्षानं वर गेलो. सागाचं रान, आणि त्यातून एकदम उभे राहिलेले खडक, वाऱ्यापाण्यानं पोखरलेले. एकूण सातशेवर शैलाश्रय, त्यांतल्या चारशेहून अधिकांत चित्रं. पाहायला मोकळे आहेत पंधराएक. तेवढे पुरतात.

सभामंडपासारख्या मोठ्या गुहेत शिरलो. तिथे भिंतीवर एका लेकराच्या हाताचा ठसा आहे. मी फलक वाचत होतो, तोवर अक्का ठशासमोर जाऊन उभी राहिली होती. महालक्ष्म्यांच्या दिवशी उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाचे हात उठवणारी बाई ती. हाताच्या ठशात तिला जाणकारी आहे.

“हे लेकरानं आपल्या मनानं नाही केलेलं,” ती म्हणाली. “लेकरू हात फिसकटतं. बोटं बघ कशी सुटी आलीत. कुणीतरी मनगट धरून टेकवलंय.”

शास्त्राच्या दृष्टीनं याला पुरावा म्हणता येणार नाही. पण या चित्रांचा अर्थ लावताना शास्त्रवालेही फसतात. याच गुहेच्या छताजवळचा एक ठसा 2021 मध्ये ‘डिकिन्सोनिया’ नावाच्या, 55 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म म्हणून जगभर गाजला. दोन वर्षांत दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. मूळ संशोधकांनी ते मान्यही केलं. अक्काला ही गोष्ट फार आवडली.

पुढे चौथ्या क्रमांकाचा आश्रय. एका खडकावर साडेचारशेच्या आसपास आकृत्या. सांबर, गवे, हत्ती, हरणं, सोळा जातींचे प्राणी. पांढरा आणि गेरूचा लाल. गेरू म्हणजे लोहाची माती. ती या सच्छिद्र दगडात जिरली आणि टिकली. मी बघत राहिलो ते एका वेगळ्याच गोष्टीकडे. शेजारी कोरी भिंत आहे, तरी चित्रावर चित्र काढलंय. हरणाच्या पोटातून घोडेस्वार जातो, त्याच्या हातात तलवार. हरीण काढणाऱ्याला घोडा आणि तलवार ठाऊकच नव्हती. दोघांमध्ये हजारो वर्षं गेली. तरी नंतरच्यानं कोरी जागा सोडून हीच का निवडली? माझा समज असा झाला की बोलायची जागा ठरलेली होती. आधी कुणी बोललंय म्हणूनच इथे बोलायचं. भजनात कोणी अभंग सोडला की दुसऱ्यानं तिथूनच उचलावा, तसं. खालचं चित्र पुसून टाकायचं असतं तर ते सहज खरवडता आलं असतं. तसं कुणी केलेलं दिसत नाही.

हातात हात घालून नाचणाऱ्यांची एक रांग होती. “पंचमीचा फेर,” अक्कानं निकाल दिला. मी काही बोललो नाही, कारण मलाही तेच दिसत होतं.

भीमबेटक्याच्या भिंतींवर शंखलिपीतले लेखही आहेत, वळणावळणांची, शंखासारखी अक्षरं. ही लिपी साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची आणि आजवर सर्वमान्य होईल अशी कुणालाच वाचता आलेली नाही. म्हणजे कितीतरी जुनं हरीण अक्का लांबून ओळखते, आणि त्यामानानं कालपरवाचं अक्षर पंडितांनाही दाद देत नाही. अक्षराला वाचणाऱ्यांची साखळी लागते. ती एकदा तुटली की संपलं. चित्राचं तसं होत नाही, निदान हरणाचं तरी.

पण सगळीच चित्रं हरणाइतकी सोपी नाहीत. पंधराव्या आश्रयात एक अजस्र जनावर आहे. तोंड रानडुकराचं, शिंगं बैलाची, आणि ते एका एवढ्याशा माणसाच्या मागे लागलंय. जवळ खेकडाही आहे. असं जनावर कुणी पाहिलेलं नाही. जे रोज दिसतं ते काढून दाखवणं वेगळं आणि जे नाहीच ते काढणं वेगळं. त्याला गोष्ट लागते, आणि ती आधीच ठाऊक असलेली माणसं समोर लागतात. आम्ही त्यांच्यात नाही. रखवालदारानं शिकारीची एक हकिगत सांगितली, ती ऐकून मला काही पटेना.

अक्का बराच वेळ त्या पळणाऱ्या माणसाकडे बघत होती. “वाचला असणार तो,” ती म्हणाली. “त्याशिवाय घरी येऊन सांगितलं कुणी?”

“आणि खेकडा?”

“थांब की जरा. बघायलेय मी.”

रखवालदार शिट्टी वाजवून खाली उतरायला सांगेपर्यंत खेकड्याचं काही तिला उलगडलं नाही.