तीन वर्षांची पोस्टिंग आणि पम्पास गवत

देहरादून म्हणजे पीस स्टेशन. फील्डमधून उतरून तिथं क्वार्टर मिळालं, की सगळे आधी अंगणाकडं बघतात. बहुतेकजण कोथिंबीर, टोमॅटो, झेंडू लावतात. एका हंगामात हाती येतं, पोस्टिंग कधीही आली तरी नुकसान नाही. मी कोपऱ्यात पम्पास गवत लावलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गवत काय विकत आणायचं?"

हे गवत मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. अर्जेंटिना, उरुग्वेच्या पम्पास नावाच्या माळरानांवरून त्याला नाव पडलं. ठोंब माणसाच्या उंचीचा, आणि पावसाळा सरला की त्यावर दोन-तीन मीटरपर्यंत चंदेरी तुरे. आजकाल लग्नाच्या सजावटीत वाळवलेले दिसतात ते हेच.

नर्सरीवाले चाचा गढवाली, स्वतः पेन्शनीवर आलेले सुभेदार. किती वर्षांसाठी आलोय, हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "बीज मत लो बेटा, जड़ लो. नहीं तो फूल कोई और देखेगा." बियांपासून तुरे यायला दोन-तीन वर्षं जातात, आणि रोप नर निघेल की मादी ते फुलल्यावरच कळतं. मादीचे तुरे जास्त भरदार. म्हणून चांगल्या मादी झाडाचा ठोंब फोडून मुळांसकट तुकडा लावायचा.

लागवड सोपी आहे. दिवसभर ऊन हवं आणि पाणी साचता कामा नये. दूनची जमीन गोटेमिश्रित, पाणी झिरपून जातं. काळ्या मातीत लावणाऱ्यांनी उंचवटा करून लावावं. भोवती दीड-दोन मीटर जागा मोकळी ठेवावी, वाटेच्या कडेला तर लावूच नये. पहिलं वर्ष पाणी द्यायचं. एकदा मुळं खोल गेली, की सुट्टीवर गेलात तरी ते तग धरतं.

खरं काम वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत नवी पाती फुटायच्या आधी. जुना ठोंब फूटभर ठेवून बाकी छाटायचा. ज्यानं ऊस तोडलाय त्याला सांगायला नको. पात्याच्या कडा तशाच करवती. स्पॅनिशमध्ये 'कोर्तार' म्हणजे कापणं, त्यावरूनच या गवताचं शास्त्रीय नाव 'कोर्टाडेरिया' आलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा. आधी काठीनं ठोंब बडवायचा, आत साप किंवा गांधिलमाशांचं पोळं असू शकतं. मग सुतळीनं पेंढीसारखा आवळून बांधायचा आणि खालून कापायचा. वाळलेला पाचोळा चटकन पेट घेतो, म्हणून तो घराला लागून ठेवायचा नाही.

आता एक गोष्ट जरा गंभीर. तिथल्या नद्यांच्या पात्रात शरदात कांस फुलतो, लांबून अगदी पम्पासच वाटतो. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या सुमाराला फुलणारं काशफूल ते हेच. पण कांस इथलाच आहे, पम्पास पाहुणा. कॅलिफोर्नियात या पाहुण्यानं किनाऱ्यालगतची रानं बळकावली. न्यूझीलंडमध्ये तर तो विकायलाही बंदी आहे. एका तुऱ्यात हजारो बिया धरू शकतात आणि त्या वाऱ्यावर दूर जातात. मादी झाडाला परागकण मिळाले नाहीत तर बी धरत नाही, पण दुसऱ्याच्या बागेत काय लावलंय याची खात्री आपण कशी देणार? म्हणून तुरे पिंजारायच्या आधीच कापायचे. ते उलटे टांगून वाळवले की घरात कित्येक महिने टिकतात. नदीकाठी राहणाऱ्यांनी पम्पास लावूच नये, कांस बघावा.

दुसऱ्या शरदात आमच्या ठोंबाला पाच तुरे आले, तिसऱ्यात बरेच. चौथ्याच्या आधी मूव्हमेंट ऑर्डर आली. क्वार्टर सोडताना पंखे, नळ, काचा, सगळं मोजून सही घेतात. झाडांचा रकाना त्या यादीत नसतो. मग मी वहीच्या पानावर हिंदीत लिहिलं: छाटणी फेब्रुवारीत, हातमोजे घालून, आधी काठी, तुरे वेळेत कापा, नको असेल तर मुळासकट खणून काढा, पण तसंच सोडू नका. पान नव्या हवालदाराच्या हातात दिलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "सर, फूल कब आएगा?"

"सितंबर-अक्टूबर," मी म्हणालो, "तू देखेगा."