पाय मोजावेत

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते. पहिला दमदार पाऊस पडून ऊन थोडे उतरले, की चिखली तालुक्यातील आमच्या उंद्रीच्या शिवारात, बांधाच्या ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांचे बालपण वऱ्हाडात गेले असेल, त्यांना मृगाचा किडा म्हणताच तो मऊ स्पर्श तळहातावर आठवेल.

गेल्या पावसाळ्यात शहरातून आलेली माझी सहा वर्षांची नात मात्र त्या बांधावर पाऊल ठेवीना. किडा म्हणजे फवारा मारून संपवायची वस्तू, एवढीच तिची ओळख. दोन दिवस ती ओट्यावरून खाली उतरली नाही. मुलांची भीती ही प्रकृतीची बाब आहे, असे आपण सहसा मानत नाही. मला ती तापाइतकीच लक्ष देण्याजोगी वाटली. धीराचे शब्द न बोलता मी तिच्या हाती भिंग दिले आणि एकच काम सांगितले : पाय मोज.

आठ भरले. म्हणजे हा मुळी कीटकच नव्हे, कारण कीटकांना सहा पाय असतात. हा कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतातला. पिल्लू असताना यालाही सहाच पाय असतात आणि ते नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून पोसते. मोठा झाल्यावर तो मातीत राहून कीटकांची अंडी खातो. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढून पावसानंतर थोडे दिवस वर येतो. माणसाला तो चावत नाही. संस्कृतातील इंद्रगोप तो हाच, असे मानतात. चरकसंहितेत शुद्ध रक्ताच्या रंगाला इंद्रगोपाची उपमा आहे. ती देणाऱ्याने हा जीव उजेडात, अगदी जवळून पाहिला असला पाहिजे. (याचे तेल पक्षाघातावर म्हणून विकले जाते. आपण त्या वाटेला जाऊ नये.)

भ्यावे असे वाटलेच, तर याच्या न दिसणाऱ्या भाऊबंदाला भ्यावे. गवताझुडपांत राहणाऱ्या एका जातीच्या माइटची पिल्ले टाचणीच्या डोक्याहूनही लहान असतात. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याचे अनेक रुग्ण आढळले होते. चावा दुखत नाही, म्हणून तो कळतही नाही. पुढे काखेत, जांघेत किंवा कमरेशी काळी खपली दिसू शकते, आणि काहींना ती दिसतही नाही. म्हणून गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे व मोजे घालावेत, उघड्या गवतावर लोळू नये, घरी येताच स्नान करून कपडे धुवायला टाकावेत. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर आपण शिवारात गेलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. मलेरिया-डेंगीच्या तपासणीत हा आजार सापडत नाही, आणि वेळेवर ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो.

दगडाखालचे जग पाहायचे असेल, तर दगड हाताने उचलू नये. पलीकडची कड काठीने धरून तो आपल्याकडे उलटवावा. खाली विंचू असलाच, तर आपल्या पायांच्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो.

नातीला हे सारे सांगितले. काय चावते आणि काय चावत नाही हे नेमके कळल्यावर ती तिसऱ्या दिवशी मोजे चढवून स्वतःच निघाली. चौथ्या दिवशी तिच्या वहीत मुंगळा सहा, कोळी आठ अशी नोंद झाली होती. पुढे वाणी सापडला. त्याचे पाय मोजत ती चाळीसपर्यंत पोहोचली तोच त्याने अंगाचे वेटोळे केले. तो पुन्हा उलगडेपर्यंत ती बांधावर उकिडवी बसून राहिली, आणि जेवायला दोनदा हाक मारावी लागली.