तीन मिलिमीटरचा आगाऊपणा

'आगाऊ' या शब्दाला मराठीत चांगले दिवस कधी आलेच नाहीत. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारं पोर आगाऊ, आणि घरमालक मागतो ते भाडंही आगाऊ. आमच्या बँकेत तर ॲडव्हान्स म्हणजे सरळ कर्ज. ते घेताना माणूस जितका गोड बोलतो, तितकाच फेडताना आमच्याशी बोलेनासा होतो. या बदनाम शब्दाची खरी किंमत मला समजली ती आमच्या सासऱ्यांच्या मोटरसायकलमुळे.

सासरे म्हणजे नाना. भोर तालुक्यात डोंगराच्या उतारावर त्यांची शेती आहे आणि १९८२ सालची येझदी आहे. म्हैसूरच्या कारखान्यातली, २५० सीसीची, टू-स्ट्रोक. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. पण ही बातमी नानांच्या येझदीपर्यंत अजून पोचलेली नाही. डांबरी रस्त्यावर ती येते फक्त पेट्रोल भरायला. एरवी तिचा वावर बांधावर, ओढ्यात, आणि जिथे बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो अशा वाटांवर. मागच्या चाकाला नानांनी मोठमोठ्या गुठळ्यांचा टायर बसवलाय. हल्लीची पोरं या प्रकाराला 'ऑफ-रोड' म्हणतात. नाना म्हणतात, "मुळात रोड होता कुठे, ऑफ व्हायला?"

या गाडीला किक आणि गिअर मिळून एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, पुन्हा खाली आणला की गिअर. कॅश आणि चौकशी एकाच कारकुनाच्या गळ्यात घालण्याची कल्पना आमच्या साहेबांना इथूनच सुचली असावी.

गेल्या दिवाळीला गेलो, तर नाना चिंतेत. "जावईबापू, वरच्या रानाचा चढ वाढलाय हो."

गाडी चढावर दमत होती, इंजिन तापत होतं. नानांनी पेट्रोल बदललं, प्लग बदलला, आणि शेवटी दोष डोंगरावर टाकला. त्यांची दुसरी तक्रार अशी की, अलीकडे सगळे फार हळू बोलायला लागलेत. सासूबाई हळू बोलतात, नातवंडं हळू बोलतात, टीव्हीवर बातम्या देणारे तर अगदी कुजबुजतात! आमच्या हिने कानाच्या डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली होती. दोन्ही वेळा नेमकी भात कापणी निघाली.

आता थोडं इंजिनाविषयी. पिस्टन वर येतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि भडका होतो. तुम्ही-आम्ही म्हणू, पिस्टन अगदी वर पोचला की ठिणगी पडावी. पण आग पसरायलाही वेळ लागतो. म्हणून ठिणगी थोडी आधी, येझदीत पिस्टन माथ्यापासून तीनएक मिलिमीटर खाली असतानाच, पडावी लागते. फारच आधी पडली, तर भडका वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा हाणतो आणि किक आपल्या पायाला लाथ मारते. टू-स्ट्रोक असल्यामुळे कधी इंजिन चक्क उलटं फिरू लागतं. पहिला गिअर टाकावा आणि गाडी निघावी मागे! उलट उशीर झाला, तर पिस्टन खाली निघालेला असतो. जोर वाया जातो, नुसती उष्णता उरते. मुदत संपल्यावर हाती पडणाऱ्या सर्क्युलरसारखं.

ही वेळ सांभाळतात उजव्या बाजूच्या झाकणाखालचे पॉइंट. ते उघडले की ठिणगी. पुरते उघडल्यावर त्यांच्यातली फट ०.४ मिलिमीटर हवी. त्यांची एक छोटी फायबरची टाच कॅमवर घासत असते. मिनिटाला ४००० फेरे धरले तर सेकंदाला ६६ वेळा. टाच झिजते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडू लागतात. रोज इतकं थोडं की कुणाच्या लक्षात येऊ नये. २०२२ साली येझदी हे नाव बाजारात परत आलं, पण त्या गाडीत पॉइंटच नाहीत. सगळं संगणक बघतो.

नाना मात्र चाळीस वर्षं कानाने बघत आले. स्क्रू ढिले करायचे, पॉइंटची चकती केसभर सरकवायची, किक मारायची, ऐकायचं. याही वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "झकास!" गाडी चढावर पुन्हा दमली.

गावात पंपाच्या मोटरी बांधणारा एक पोरगा आहे. तो म्हणाला, "नाना, दिवा लावून बघू का?"

"दिवा कशाला? माझा कान आहे की!"

तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली, "अहो, चहा झालाय!" पोराने ऐकली, मी ऐकली, गोठ्यातल्या म्हशीनेही मान वळवली. नाना झाकण पुसत राहिले. मग आमच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "काय झालं?"

कुणीच बोललं नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "लाव दिवा."

सहा व्होल्टचा छोटा बल्ब. एक वायर पॉइंटला, दुसरी इंजिनाच्या धातूला. पॉइंट मिटलेले तोवर अंधार, उघडले की उजेड. प्लगच्या भोकातून पिस्टनवर सळई टेकवून माथ्याची खूण केली. बँकेतला माणूस म्हणून आकडे टिपायचं काम माझ्याकडे. पोराने इंजिन हळूहळू फिरवलं. तीन मिलिमीटर उरले, अंधार. दोन उरले, अंधार. एकच उरला, तेव्हा बल्ब लागला.

नाना त्या बल्बकडे बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनीच फट ०.४ ला आणली आणि चकती इंजिनाच्या फिरण्याच्या उलट दिशेला सरकवत नेली. बरोबर तीन मिलिमीटरला दिवा लागल्यावर स्क्रू आवळले. एका किकेत गाडी सुरू झाली आणि नाना वरच्या रानात जाऊन आले.

"चढ आहे तेवढाच आहे," ते म्हणाले.

चहा परत गरम करून आला. तो पिता पिता त्यांनी मुलीला विचारलं, "त्या कानाच्या डॉक्टरांकडे आता वेळ कधीची मिळेल?"

"घेतलीय मी. बुधवारी अकराची," ती म्हणाली, या खेपेला मुद्दाम मोठ्याने.

"मग साडेदहाला पोचू," नाना म्हणाले. "थोडं आधी गेलेलं बरं असतं."