पुण्याच्या सावल्या, पुण्याचं पाणी

मे महिना फोटोंसाठी वाईट, असं सगळेच म्हणतात. मला ते पटत नाही. या महिन्याच्या मध्यावर एका दुपारी सूर्य पुण्याच्या थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली काही क्षण त्याच्या पायाशीच विरून जाते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हे वर्षातून दोनदा घडतं. दुसरी खेप जुलैअखेरीस, पण तेव्हा ढग कुठले ऊन पडू देतात! मेच्या या दिवसांत मी पाताळेश्वरच्या लेण्यात जातो. नंदीच्या गोल मंडपात काळोख, बाहेर पांढरं ऊन. उन्हाचं मोजमाप धरून फोटो काढला की खांब निव्वळ काळे आकार होतात. आठव्या शतकातला तो दगड कृष्णधवलातच खुलतो, असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात कॅमेरा जमिनीलगत येतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या डबक्याला लेन्स जवळजवळ टेकवली की साड्यांच्या दुकानांचे दिवे पाण्यात उलटे उभे राहतात. भाद्रपदातल्या गणपतीच्या मिरवणुकीत शटरचा वेग १/१५ सेकंदावर आणतो. ढोलवादकाचा चेहरा स्पष्ट राहतो, हात आणि टिपरू मात्र पुसट होतात. आवाजाचा फोटो काढायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आता थंडीची वाट बघतोय. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे सरकतो, त्यामुळे मुठा नदीच्या पलीकडच्या काठावरून ओंकारेश्वर मंदिराचं शिखर उजेडाच्या आड येतं. धुकं हवं, ट्रायपॉड हवा, आणि सूर्योदयाआधी पोचायला हवं.